पन्हाळ्याची उतरण आणि तीन सायकली

मार्गशीर्ष लागून पंचगंगेच्या कांठचीं गुऱ्हाळें सुरू झालीं होतीं. त्या सुमारास एका संध्याकाळीं आमच्या लेकीचा सांगलीहून फोन आला. कुशलप्रश्न झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमच्या नातवानें नवी सायकल घ्यावयाची ठरविली आहे. किंमत कांहीं लाखांच्या घरांत, आणि ती कशासाठीं, तर डोंगरावरून खालीं येण्यासाठीं! गेल्या वर्षीं हांसळीचें हाड मोडून घेतलें, तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. तो माझें ऐकत नाहीं, वडिलांचेंही ऐकत नाहीं. 'आजोबा नको म्हणाले तर घेणार नाहीं,' एवढें मात्र त्यानें कबूल केलें आहे. तेव्हां तुम्ही नको म्हणा, म्हणजे झालें."

हा नातू कोल्हापुरांत आमच्याजवळच राहतो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत एका फौंड्रींत तो नोकरीस आहे. तीन वर्षें पगारांतून बाजूस टाकलेले पैसे त्याचे स्वतःचे. कोणापाशीं मागावयाचे नव्हते. नको म्हणणें आम्हांस सोपें होतें. पण प्रश्न नीट वाचल्यावांचून उत्तर लिहावयास बसूं नये, असें जन्मभर मुलांस बजावीत आलेल्या मास्तरानें स्वतःच तसें करावें, हें मनास पटेना. आम्हीं त्यास जवळ बोलावून विचारिलें, "अरे, ही सायकल म्हणजे आहे तरी काय? आणि ती उतरवावयाची कोठें?"

तो म्हणाला, "आजोबा, हें सांगून कळणार नाहीं. येत्या रविवारीं बेळगांवचा एक मित्र आणि पुण्याची एक मैत्रीण अशीं दोघें पन्हाळ्यास येणार आहेत. तीन निरनिराळ्या सायकली तेथें पाहावयास मिळतील. तीन्ही चालवून पाहून मग मी काय तें ठरविणार. तुम्हीही चला."

घरांतून "ह्या वयांत डोंगर चढावयाचे कारण नाहीं" असा इशारा मिळाला, आणि पाठोपाठ दशम्यांचा डबाही मिळाला. त्यावरून संमति आहे असें आम्ही समजलों.

रविवारीं उजाडतां उजाडतां टेंपोंतून निघालों. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली कीं शहर मागें राहतें. दोन्ही बाजूंस ऊंस, मधून मधून चुलवाणाचा धूर, आणि काहिलींत उकळणाऱ्या रसाचा तो गोड, किंचित् करपट वास. केर्लीपाशीं जोतिबाच्या डोंगराचा फांटा सुटतो, वाघबिळाशीं रत्नागिरीचा रस्ता सोडावा लागतो, आणि कोल्हापुरापासून सुमारें २० किलोमीटरांवर पन्हाळा येतो.

पन्हाळ्याचें वर्णन वाचकांसाठीं नव्यानें करावयास नको. शिलाहार राजा दुसरा भोज ह्याच्या काळचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा हा गड. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ सालीं येथेंच झाला. अंबरखाना, तीन दरवाजा, सज्जाकोठी हीं स्थळें शाळेच्या सहलींबरोबर आम्हीं निदान वीस वेळां पाहिलीं असतील. परंतु ह्या गडाकडे उतरण म्हणून पाहावें, असें कधीं सुचलें नव्हतें. वास्तविक ह्या गडाची सर्वांत प्रसिद्ध कथा चढाईची नसून उतरण्याचीच आहे. १६६० च्या मार्चांत सिद्दी जौहरचा वेढा पडला, आणि जुलैंतल्या एका पावसाळी रात्रीं शिवाजीमहाराज गड उतरून विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीदानें महाराजांचें सोंग घेऊन शत्रूस चकविलें व आपला प्राण दिला. पुढें घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे पडले. अंधार, चिखल, निसरडा कातळ आणि खांद्यावर पालखी, अशा स्थितींत ज्या मावळ्यांनीं ती डोंगरवाट पार केली, त्यांस पाऊल कोठें टाकावें आणि कोठें टाकूं नये हें पुरतें ठाऊक असलें पाहिजे.

हा विचार मनांत असतांनाच आम्हीं नातवास पहिला प्रश्न विचारिला. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदविले, त्यांत पन्हाळाही आहे. तेव्हां विचारिलें, "तुमचीं चाकें गडाच्या पायऱ्यांवरून जाणार काय?"

तो चटकन् म्हणाला, "छे, आजोबा! गडावर सायकल नाहीं. ब्रेक आवळलेलें चाक दगड खरवडतें आणि माती सैल करतें. एका पावसाळ्यांत तेथें घळ पडते. आम्ही गडाबाहेर जातों, आणि तेंही जागेच्या मालकास विचारून."

हें उत्तर ऐकून आमचा निम्मा राग तेथेंच उतरला.

त्यांची जागा मसाई पठाराच्या बाजूस, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या डोंगरपड्यांत होती. माथ्यावर तांबडा जांभा, त्याखालीं काळा कातळ, आणि कातळावर हरभऱ्याएवढा सुटा मुरूम. गुरांच्या पायांनीं पडलेली वाट सुमारें १५० मीटर खालीं जाते. मध्यें गुडघाभर उंचीच्या दोन पायऱ्या, एक निवडुंगाला वळसा घालणारें अरुंद वळण, आणि शेवटीं धोंड्यांचा पट्टा. बाजूनें शेतावर येणारी एक कच्ची गाडीवाट मोठा वळसा घेऊन वर चढते. आम्ही काठी टेंकीत त्या गाडीवाटेनें माथ्यावर गेलों आणि एका सपाट जांभ्यावर बसलों.

टेंपोंतून सायकली खालीं घेतल्या, तेव्हां आमच्या ओळखीच्या सायकलीशीं ह्यांचें नातें दोन चाकांपुरतेंच आहे असें वाटलें. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा चिमटा म्हणजे दोन वांकविलेल्या नळ्या. ह्यांचा चिमटा एकींत एक सरकणाऱ्या नळ्यांचा. आंत हवेची किंवा पोलादी स्प्रिंग, आणि तेल. धक्का बसला कीं नळी आंत जाते, आणि तेलास बारीक छिद्रांतून वाहावें लागत असल्यामुळें ती एकदम उसळून परत येत नाहीं. मागचें चाकही सांध्यांवर हलतें व त्यास तसाच शॉक जोडलेला असतो. चाक जास्तींत जास्त जितकें वर सरकूं शकतें, त्या अंतरास हीं मुलें 'ट्रॅव्हल' म्हणतात. शर्यतीच्या हलक्या डोंगरी सायकलीस तें १०० ते १२० मिलिमीटर, मोठ्या उतारांच्या सायकलीस १६० ते १७०, आणि केवळ उतरण्यासाठींच केलेल्या सायकलीस सुमारें २०० मिलिमीटर असतें. म्हणजे जवळजवळ एक वीत.

दुसरी गोष्ट कोनाची. हँडलाखालची नळी जमिनीशीं जो कोन करते, तो रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलींत ७३ अंशांच्या आसपास असतो. ह्या सायकलींत ६३ ते ६५ अंश. नळी जितकी कललेली, तितकें पुढचें चाक स्वाराच्या पुढें दूर जातें. सपाटीवर ह्याचा फायदा नाहीं. उलट हँडल जड आणि आळशी लागतें. पण ज्यानें बैलगाडींतून घाट उतरला आहे, त्यास ह्यांतलें मर्म लगेच कळेल. गाडी उतरूं लागली कीं सारें ओझें पुढें सरकून बैलांच्या मानेवर येतें. म्हणून जाणता गाडीवान ओझें आधींच मागें बांधतो. सायकलींत बैलांच्या जागीं पुढचें चाक आहे. तें जर स्वाराच्या छातीखालींच असेल, तर एखाद्या धोंड्याशीं अडतांच स्वार हँडलावरून पलीकडे जातो. नातवाची जुनी सायकल १०० मिलिमीटरांची आणि उभ्या कोनाची. गेल्या वर्षीं नेमकें असेंच झालें होतें. हाड मोडलें तें केवळ त्याच्या उतावळेपणानें, अशी आमची व आमच्या लेकीची समजूत होती. तो कोन पाहिल्यावर मनांत आलें कीं, निम्मा दोष त्या उतारास न शोभणाऱ्या सायकलीचा असावा. म्हणजे "जुनीच सायकल बरी आहे" असें सांगून त्यास परत धाडणें हें वाटतें तितकें सुरक्षित नव्हतें. तो डोंगरावर जाणार हें ठरलेलेंच होतें. कशावरून जाणार एवढाच प्रश्न होता.

आतां त्या तीन सायकली. पहिली बेळगांवच्या मुलाची, २०० मिलिमीटरांची. तिच्या चिमट्याच्या नळ्या मोटारसायकलीसारख्या हँडलाच्या वर आणि खालीं अशा दोन ठिकाणीं पकडलेल्या, वजन सुमारें १७ किलो, बैठक इतकी ठेंगणी कीं बसून पायडल मारतांच येऊं नये. दुसरी त्याच्याच भावाची. पुढें मागें १७० मिलिमीटर, आणि दोन्ही चाकें २९ इंची. तिसरी पुण्याच्या मुलीची. तीही १७० मिलिमीटरांचीच, पण पुढचें चाक २९ इंची व मागचें साडेसत्तावीस इंची. ह्या मिश्र जोडीस 'मुलेट' असें विचित्र नांव आहे. ह्या दोन सायकलींस चढासाठीं मोठे दांतेरी चक्र आहे, आणि बैठकीची दांडी एक कळ दाबतांच खालीं जाते व पुन्हां वर येते. चढतांना उंच बसावें, उतरतांना बैठक बाजूस सारून शरीर मागें न्यावें.

मुलें सायकलींतली हवा तपाशीत होतीं, तेव्हां त्या पुण्याच्या मुलीनें आम्हांस ह्या खेळाची जन्मकथा सांगितली. कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत कांहीं तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन खालीं सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळ त्यांनीं पहिली शर्यत लाविली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यांत असे, व पायडल उलटें दाबलें कीं लागे. एका उतरणींत तुंब्यांतलें ग्रीस जळून जाई आणि तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक' पडलें. त्यांच्यांतल्याच जो ब्रीझ ह्यानें पुढच्या वर्षीं खास डोंगरासाठीं फ्रेम बांधली. १९९० सालीं ड्युरँगो येथें जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या, आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकांत डोंगरी सायकल आली. मात्र ती चढउताराच्या शर्यतीपुरती. निव्वळ उतरणीच्या शर्यतीस ऑलिंपिकांत अजून स्थान नाहीं.

१९७६ हें साल ऐकून आमचा हात नकळत हनुवटीकडे गेला. त्याच वर्षीं, सोळा वर्षांचे असतांना, आम्हीं दोन मित्रांसह कोल्हापुरांत तासाच्या भाड्यानें सायकली घेतल्या आणि घरीं न सांगतां पन्हाळा गांठला. चढ ढकलीत गेलों; उतरतांना मात्र राजे झालों. दोन वळणें झालीं, आणि ब्रेकचे रबरी गट्टू तापून वास येऊं लागला. तिसऱ्या वळणावर दांडी कितीही ओढली तरी सायकल थांबेना, आणि समोरून एस. टी. वर येतांना दिसली. आम्हीं डोळे मिटून हँडल डोंगराच्या बाजूस फिरविलें. दरडीवर हनुवटी आपटून तीन टांके पडले. घरीं सांगितलें कीं, रंकाळ्याच्या पायऱ्यांवरून घसरलों. ती खूण अजून आहे, आणि ती थापही त्या दिवसापर्यंत तशीच होती. ज्यास "नको" म्हणावयास आम्ही आलों होतों, त्याच्या वयाहूनही लहान असतां आम्हीं काय केलें होतें, हें आठवून आम्ही कांहीं वेळ गप्पच बसलों.

असो. उतरण्यापूर्वीं त्या मुलीनें नातवास सारी वाट पायीं उतरावयास लाविली. "जी वाट पायीं पाहिली नाहीं, ती चाकावर पाहूं नये," असा तिचा नियम. प्रत्येक पायरीशीं थांबून चाक कोठें पडेल, ब्रेक कोठें सोडावयाचा, चुकल्यास कोणत्या बाजूस पडावयाचें, हें तिनें त्यास दाखविलें. असा नियम आम्हांस १९७६ सालीं कोणी सांगितला नव्हता.

मग परीक्षा सुरू झाली. प्रथम बेळगांवच्या मुलाची मोठी सायकल नातवानें घेतली. ती धोंड्यांच्या पट्ट्यांतून अशी गेली, कीं जणूं तेथें धोंडे नव्हतेच. खालून तो ओरडला, "आजोबा, कांहीं कळलेंच नाहीं!" त्याच्या आवाजांतला आनंद खरा होता, पण आमच्या मनांत चर्र झालें. धोंडे होते तेथेंच होते. ते कळले नाहींत एवढेंच. वाहन जितकें क्षमाशील, तितका वेग नकळत वाढतो, आणि चूक झालीच तर ती त्या वाढलेल्या वेगांत होते. शिवाय सायकल परत माथ्यावर आणावयास त्यास पस्तीस मिनिटें ढकलावें लागलें. उतरण तीन मिनिटांचीही नव्हती. युरोपांत बर्फावर घसरणाऱ्यांसाठीं डोंगरांवर पाळणे लाविलेले आहेत. उन्हाळ्यांत तेच सायकली वर नेतात, आणि दिवसांत दहा-पंधरा वेळां उतरतां येतें. आपल्या सह्याद्रींत वर नेणारा पाळणा म्हणजे आपले दोन पाय. बेळगांवच्या मुलानें स्वतःच प्रामाणिकपणें सांगितलें, "आजोबा, ही मीं शर्यतीसाठीं घेतली. ज्यास वर आपल्या पायांनीं जावयाचें आहे, त्यानें ही घेऊं नये." तेवढ्या वेळांत ती पुण्याची मुलगी गाडीवाटेनें पायडल मारीत दुसऱ्यांदां वर आली होती.

उरल्या दोन. ट्रॅव्हल सारखें, कोन जवळजवळ सारखा. फरक फक्त मागच्या चाकाचा, आणि तोही दीड इंचाचा. एवढ्याशा फरकासाठीं माणसें डोकें कां खाजवितात, असें आम्हांस वाटलें. तें लवकरच कळलें. दोन्ही मोठ्या चाकांची सायकल सरळ उतारावर उत्तम. मोठें चाक खड्ड्यांत कमी उतरतें, धोंड्यावर सहज चढतें व वेग राखतें. पण निवडुंगाच्या वळणावर उतार एकदम उभा होतो. तेथें नातवानें शरीर मागें नेतांच मागचा टायर त्याच्या विजारीस घांसला, आणि दचकून तो पुढें झुकला. थोडक्यांत वांचला. आमचा नातू पांच फूट चार इंच उंच. सहा फुटी माणसाच्या पायांत आणि चाकांत जी जागा राहते, ती त्याच्या वांट्यास येत नाहीं. तिसऱ्या सायकलीवर त्याच वळणांत त्यास मागें सरकावयास जागा मिळाली, आणि लहान चाक चटकन् वळलें. सरळ पट्ट्यांत ती किंचित् अधिक हिसकते, हें त्यानें कबूल केलें. म्हणजे श्रेष्ठ कोणती, ह्या प्रश्नास उत्तरच नाहीं. उंची कोणाची आणि वाट कोणती, हें आधीं सांगावें लागतें.

ह्यानंतर जें झालें तें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. तिसऱ्या सायकलीवरून दुसऱ्यांदां येतांना नातू मोठ्या पायरीच्या तोंडाशीं आला. पहिल्या दोन फेऱ्यांनीं मुरूम सैल झाला होता. बेळगांवचा मुलगा खालून "सोड, सोड!" म्हणून उत्तेजन देत होता. आमचे हात काठीवर घट्ट झाले. नातवानें पायरीकडे पाहिलें, ब्रेक दाबला, एक पाय टेंकला, आणि शांतपणें सायकल उचलून पायरीखालीं ठेविली. मग पुन्हां बसून पुढें गेला. खालीं गेल्यावर तो एवढेंच म्हणाला, "माती हलली होती. आज नको." त्याच क्षणीं आमचा निर्णय झाला. ज्यास आपल्या तोंडानें "आज नको" म्हणतां येतें, त्यास आजोबांच्या "नको"ची गरज उरत नाहीं.

दशम्या खातांना आम्हीं मास्तरकीच्या संवयीनें इतर बाबीही विचारून घेतल्या. ट्रॅव्हलाच्या आंकड्यावर सारे भाळतात. पण प्राण टायर आणि ब्रेक ह्यांवर असतो. सायकलीसह ८० किलोंचा भार १५० मीटर खालीं आला, तर जी उष्णता उत्पन्न होते ती तीन कप चहाचें आधण उकळावयास पुरेशी आहे. आणि ब्रेक धरून सावकाश उतरल्यास तींतली बरीचशी ब्रेकमध्येंच जिरवावी लागते. म्हणून अशा सायकलीस २०० मिलिमीटरांच्या पोलादी चकत्या आणि चार दट्ट्यांचे, तेलाच्या दाबाचे ब्रेक लागतात. ते एका बोटानें लागतात, त्यामुळें बाकीचीं बोटें हँडल धरावयास मोकळीं राहतात. टायर अडीच इंचांच्या आसपास रुंद व जाड कुशीचा. आंत ट्यूब नाहीं, तर भोंक आपोआप बुजविणारा द्रव. आपल्याकडच्या बाभळीच्या कांट्यांस हा उपाय मोठा चांगला. शॉक हवेचा घ्यावा कीं स्प्रिंगचा, ह्यावर मुलांत वाद झाला. स्प्रिंग अधिक मऊ चालते, पण जड असते, आणि प्रत्येकाच्या वजनाप्रमाणें ती बदलावी लागते. हवेचा शॉक लहानशा पंपानें जुळवितां येतो. स्वार बसल्यावर शॉक सुमारें तीस टक्के दबला म्हणजे हवा बरोबर. नातवानें हवेचा पसंत केला. पावसाळ्यांत शेवाळलेल्या कातळावर मात्र २०० मिलिमीटरही उपयोगाचे नाहींत. चाकाची पकडच सुटली तर स्प्रिंग काय करील? तेव्हां ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत डोंगर बंद, हें त्यानें आपणहून सांगितलें.

परततांना वाघबिळाच्या उतारावर टेंपो पहिल्या गिअरांत घुरघुरत होता, आणि आम्ही एका शब्दाचा विचार करीत होतों. 'उतरणें' ह्या आपल्या क्रियापदाचें मूळ संस्कृत 'उत्' उपसर्ग आणि 'तॄ' धातु ह्यांत आहे. मूळ अर्थ पाण्यांतून वर येणें, पार पडणें. परीक्षेंत पार पडला तो उत्तीर्ण, हाही त्याच धातूचा. मराठींत तो शब्द डोंगरावरून खालीं येण्यास लागला, आणि वाहनावरून पायउतार होण्यासही तोच लागतो. त्या पायरीपाशीं नातू दुसऱ्या अर्थानें उतरला, म्हणूनच पहिल्या अर्थानें नीट उतरला. त्यास हें सांगितलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "आजोबा, आतां हें परीक्षेंत विचारूं नका."

त्या रात्रीं लेकीस फोन न करितां पत्र लिहिलें. कांहीं गोष्टी कागदावरच नीट सांगतां येतात. लिहिलें कीं, "आम्ही नको म्हणावयास गेलों होतों, पण तसें म्हणवत नाहीं. त्यानें तिसऱ्या जातीची, मागें लहान चाक असलेली सायकल घ्यावी. ती त्याच्या उंचीस आणि ह्या वाटांस योग्य आहे, आणि त्यास स्वतः वर चढावयास लावणारी आहे. जो चढून दमतो तो उतरतांना सांभाळून उतरतो. अटी तीन. नवी वाट आधीं पायीं पाहावी. एकट्यानें जाऊं नये. आणि हनुवटीसकट सारें तोंड झांकणारें शिरस्त्राण असल्यावांचून चाक हालवूं नये." आणि ही तिसरी अट कां घातली, हें सांगतांना, पन्नास वर्षें दडवून ठेविलेली १९७६ ची हकीकतही लिहून टाकिली.

चार दिवसांनीं तिचें उत्तर आलें. "बाबा, तुमच्या अटी त्यास मान्य असतील तर मलाही सायकल मान्य आहे, झोंप मात्र लागणार नाहीं, तें माझें मी पाहीन. आणि हनुवटीची गोष्ट मला नवी नाहीं. मी शाळेंत असतांनाच आजीनें सांगितली होती. रंकाळ्याच्या पायऱ्यांवर पडलेल्या मुलाचा सदरा तांबड्या मातीनें कसा माखेल, हें तिनें तेव्हांच ओळखलें होतें. पण तुम्ही स्वतः होऊन सांगाल म्हणून ती वाट पाहात राहिली. शिरस्त्राणाचे पैसे मी देणार आहें. कोणतें घ्यावयाचें तें विचारून कळवावें."

तें पत्र आम्हीं दोनदां वाचलें. आमची आई जाऊन आतां अकरा वर्षें झालीं.

शिरस्त्राण आलें आहे आणि खुंटीस टांगलें आहे. सायकल पुढल्या महिन्यांत यावयाची आहे. तोंवर दर रविवारीं पहांटें आमचा नातू पायींच डोंगरावर जातो, आणि वाट पाहून येतो.